ताप उतरला, तरी जपा!

गेल्या हंगामात आम्ही आर्णीतील एका ताईंना भेटायला गेलो होतो. कापूस वेचताना त्यांच्या पायात पऱ्हाटीचे खुंट घुसले. हळद लावून, चिंधी बांधून त्या कामावर जात राहिल्या. चौथ्या दिवशी हुडहुडी भरली, धाप लागली, बोलणे भरकटले. डॉक्टरांनी सांगितले, सेप्सिस. उपचाराने त्या वाचल्या. पण घरी येऊन आठवडा होत नाही तोच पुन्हा वेचणीला गेल्या आणि न्युमोनियाने आडव्या झाल्या.

"ताप तर उतरला होता ना भाऊ, मग हे कुठून आलं?" सासूबाईंनी विचारले.

आम्ही डॉक्टर नाही. समजून घेतले ते सांगतो. शरीराच्या दोन फौजा असतात. पहिली कोणत्याही जंतूवर तुटून पडते. दुसरी शिकलेली, टी आणि बी पेशींची. ती शत्रूला ओळखते आणि लक्षात ठेवते. लस देतात ती तिलाच शिकवण्यासाठी. सेप्सिसमध्ये पहिली फौज बेभान होते आणि आपल्याच अवयवांना इजा करते. त्याच वेळी दुसऱ्या फौजेतील पेशी मोठ्या संख्येने मरतात, उरलेल्या थकतात. म्हणून नवा आजार सहज शिरतो. अंगात दडलेली नागीणही उठू शकते. काहींत ही कमजोरी महिनोन्‌महिने राहते.

नवजात बाळाची शिकलेली फौज तर कच्चीच असते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना बाळाचा सेप्सिस ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवले. १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सेप्सिस झालेल्या बाळांतील मृत्यू शेकडा १६.६ वरून २.८ वर आले. वेळेवर ओळखले की जीव वाचतो.

तेव्हा जखम साबण-पाण्याने धुवा, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. थंडीताप, धाप, भ्रम किंवा लघवी कमी होणे दिसताच दवाखाना गाठा. गोळ्या अर्ध्यावर सोडू नका. सुटीचा कागद जपून ठेवा; पुन्हा ताप आला तर त्याच दिवशी तो डॉक्टरांना दाखवा. कोणत्या लसी घ्याव्यात, तेही विचारा.

आणि घरच्यांनो, सेप्सिसमधून उठलेल्या माणसाचा थकवा म्हणजे आळस नव्हे. बुडालेली मजुरी पुन्हा कमावता येते, गेलेले माणूस परत येत नाही.