व्यसनप्रतिबंधक कार्यकर्त्याची ‘योग्या’

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात योग्यासूत्रीय नावाचा नववा अध्याय आहे. सर्व शास्त्राचे अध्ययन केलेला शिष्यही प्रत्यक्ष सराव केल्यावाचून कर्मास योग्य ठरत नाही, हे त्याचे सार होय. म्हणूनच कोहळा, भोपळा, काकडी यांवर छेदनाचा आणि पाण्याने भरलेल्या चर्मपिशवीवर भेदनाचा अभ्यास सांगितला आहे. शस्त्रकर्माला लागू असलेला हा दंडक व्यसनप्रतिबंधाच्या कार्याला मात्र आपण लावीत नाही. २६ जूनचा अमली पदार्थविरोधी दिन किंवा गांधीजयंती आली की शाळेचे निमंत्रण येते. वैद्य किंवा फार्मसीचालक तासभर बोलतो, विद्यार्थी प्रतिज्ञा म्हणतात आणि कार्यक्रम संपतो.

प्रस्तुत लेखकानेही अशी अनेक व्याख्याने दिली. अकोला जिल्ह्यातील एका शाळेत तंबाखूचे दुष्परिणाम सविस्तर सांगून झाल्यावर आठवीतील एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, बाबा मलेच खर्रा आनाले धाडतेत. मंग मी काय करू?” वर्ग हसला. लेखकापाशी उत्तर नव्हते. मुखरोगाची संप्राप्ती ठाऊक होती, परंतु त्या मुलाला सायंकाळी घरी गेल्यावर उपयोगी पडेल असे एकही वाक्य ठाऊक नव्हते. प्रशिक्षणाची गरज नेमकी येथे आहे.

प्रश्नाचे स्वरूप

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे १४.६ टक्के व्यक्ती मद्य घेतात. हुंगण्याच्या द्रव्यांच्या बाबतीत मात्र चित्र उलटे आहे. प्रौढांत हे प्रमाण ०.५८ टक्के, तर १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के आढळले. हे असे एक व्यसन आहे की ज्यात मुलांनी मोठ्यांना मागे टाकले आहे. पंक्चर काढण्याचे सोल्युशन किंवा लिखाण खोडण्याचे व्हाइटनर ही द्रव्ये कोणत्याही गावात मिळतात.

वऱ्हाडात याच्या जोडीला खर्रा आहे. तंबाखू, सुपारी व चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोटून दिलेली ही पुडी मुलाला अनेकदा घरातूनच परिचित होते. सुपारीच्या दीर्घ सेवनाने गालांच्या आतील त्वचा ताठर होते, तोंड उघडेनासे होते आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. हा रुग्ण आपल्या चिकित्सालयात येतो तेव्हा प्रतिबंधाचा काळ बहुधा उलटून गेलेला असतो.

केवळ माहिती का पुरत नाही?

प्रज्ञापराधाचे विवेचन करताना चरकाचार्यांनी धी, धृती आणि स्मृती या तिन्हींच्या भ्रंशाचा विचार केला आहे. व्याख्यान फार तर धीपर्यंत पोहोचते. मित्राने पुडी पुढे केल्यावर हात मागे घेणे हे धृतीचे कार्य आहे आणि त्या क्षणी आपले हित आठवणे हे स्मृतीचे. ही दोन्ही ऐकून येत नाहीत, ती सरावाने येतात.

आधुनिक अनुभवही हेच सांगतो. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिस येथे ‘डेअर’ हा उपक्रम सुरू झाला. गणवेशातील पोलीस अधिकारी शाळेत येऊन पाठ देत. तो देशभर पसरला, परंतु पुढील अभ्यासांत मुलांच्या व्यसनावर त्याचा टिकाऊ परिणाम दिसला नाही आणि अभ्यासक्रम बदलावा लागला. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने २०१३ मध्ये प्रतिबंधाचे आंतरराष्ट्रीय निकष प्रसिद्ध केले. जागतिक आरोग्य संघटनेसह त्यांची दुसरी आवृत्ती २०१८ मध्ये निघाली. भीती दाखविणे, केवळ माहिती देणे आणि व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्तीच्या कथनावरच विसंबणे या पद्धतींना त्यांत परिणामकारक मानलेले नाही. प्रशिक्षित व्यक्तीने अनेक सत्रांत, संवादातून आणि कौशल्यांच्या सरावातून केलेले काम तेथे उपयुक्त ठरविले आहे.

प्रशिक्षणात काय असावे?

पहिली गोष्ट वयोभेद. दहा वर्षांच्या मुलाला अमली द्रव्यांची नावे व परिणाम सांगणे म्हणजे कुतूहल जागविणे होय. त्याला भावना ओळखणे व नकार देणे शिकवावे. सोळा वर्षांच्या मुलाशी मात्र द्रव्यांविषयी स्पष्ट, अतिशयोक्तीविरहित बोलावे लागते. एक असत्य उघडे पडले की उरलेले सत्यही तो नाकारतो.

दुसरी गोष्ट श्रवण. प्रशिक्षणार्थींनी परस्परांत भूमिका वाटून घ्याव्यात. एक मुलगा, एक पिता, एक कार्यकर्ता. उपदेश न करता दहा मिनिटे संभाषण चालविणे किती कठीण आहे, हे तेव्हाच कळते. आपल्या परिभाषेत ही सत्त्वावजयाची योग्या होय.

तिसरी गोष्ट मर्यादेचे ज्ञान. प्रतिबंधक कार्यकर्ता चिकित्सक नव्हे. अहितकर सवय क्रमाक्रमाने सोडण्याचा चरकोक्त विधी आपणांस परिचित आहे, परंतु मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या व्यक्तीने ते एकाएकी थांबविल्यास झटके किंवा भ्रम उद्भवू शकतो. अशा व्यक्तीस विनाविलंब रुग्णालयात पाठविणे हेही शिकवावे लागते.

चौथी गोष्ट कायदा. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीस आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार बालकास मद्य, अमली द्रव्य किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

महाराष्ट्रातील परंपरा

पुण्यात डॉ. अनिल अवचट व डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. पुढे केंद्र शासनाने पश्चिम विभागातील प्रशिक्षणाची जबाबदारीही या संस्थेवर सोपविली. नवी दिल्लीची राष्ट्रीय समाजरक्षा संस्था या क्षेत्रातील कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण घेते. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ उपक्रमाने गाव हाच घटक धरून दारू व तंबाखूविरोधी कार्य चालविले.

वऱ्हाडाला तर याचा वारसाच आहे. गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत, त्यांच्याच तोंडून उत्तर काढीत. संवादाची ही रीत आजच्या निकषांशी जुळते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज मोझरीत आज आयुर्वेद महाविद्यालय आहे. अमरावतीचे विदर्भ आयुर्वेद महाविद्यालय व अकोल्याचे राधाकिसन तोष्णीवाल आयुर्वेद महाविद्यालय ही आणखी दोन स्थाने. स्वस्थवृत्ताचे अध्यापक, आंतरवासिता करणारे विद्यार्थी आणि परिसरातील व्यावसायिक यांची प्रशिक्षणवर्गासाठी येथे सहज सांगड घालता येईल.

आपल्या दारातील प्रतिबंध

दुसऱ्यास शिकविण्यापूर्वी आपले फडताळ तपासावे. अहिफेन व भंगा ही औषधी नियमांच्या अनुसूची ई (१) मधील द्रव्ये आहेत. ती असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना बंधनकारक आहे. आयुर्वेदीय औषधाच्या विक्रीस स्वतंत्र परवाना लागत नाही, त्यामुळे विवेकाचा भार विक्रेत्यावरच येतो. अहिफेनयुक्त कामिनीविद्रावण रसाच्या दीर्घ सेवनाने अवलंबित्व आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या आहेत. चिठ्ठीवाचून असे औषध देऊ नये. आसव-अरिष्टांत संधानजन्य मद्य असते, हे ध्यानी ठेवून तरुण ग्राहक वारंवार बाटल्या नेऊ लागल्यास विचारपूस करावी. ती कशी करावी, म्हणजे ग्राहक दुखावणार नाही व आपला धर्मही सुटणार नाही, हाही प्रशिक्षणाचाच विषय आहे.

उपसंहार

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे परत येऊ. प्रशिक्षित कार्यकर्ता वर्गासमोर उत्तर देणार नाही, कारण तेथे पित्याची अप्रतिष्ठा होते आणि मुलगा पुन्हा बोलत नाही. तो नंतर त्याला एकांतात भेटेल. “बाबा, दुकानदार लहान पोराले देत नाही म्हनते,” एवढे एक वाक्य त्याच्याकडून चार वेळा म्हणवून घेईल. मग पानठेल्यावर जाऊन ते वाक्य खरे ठरेल अशी व्यवस्था करील आणि पित्याच्या घरी जाऊन, दोष न देता, त्याच्या स्वतःच्या व्यसनाविषयी बोलेल. तीन ठिकाणी केलेले हे तीन लहान प्रयत्न तासाभराच्या व्याख्यानापेक्षा अधिक काम करतील.

अमरावती व अकोला शाखांनी यंदा व्याख्यानांची संख्या वाढविण्याऐवजी प्रत्येकी दहा सदस्यांना असे शिक्षण मिळेल याची योजना करावी, ही नम्र सूचना. शस्त्र हाती घेण्यापूर्वी आचार्यांनी शिष्याकडून कोहळा कापवून घेतला. मुलांच्या मनाला हात घालण्यापूर्वी आपणही तेवढी योग्या करावयास हवी.