आजीच्या आठवणी आणि खिशातील यंत्र

दरवर्षी 17 सप्टेंबर रोजी सेनगावी ध्वज फडकतो, भाषणे होतात आणि मुले खाऊ घेऊन घरी परततात. परंतु मराठवाडा मुक्त झाला म्हणजे नेमका कशातून मुक्त झाला, हे त्यांतील कितीजणांस सांगता येईल? देश 15 ऑगस्ट 1947 रोजी स्वतंत्र झाला. निजामाच्या प्रजेस मात्र आणखी तेरा महिने कंठावे लागले. कासीम रझवीच्या रझाकारांनी गावे लुटली, घरे जाळली, माणसे मारली. पैनगंगेपलीकडे वऱ्हाड होते, तेथे अभय होते. भरले घर मागे टाकून कित्येक कुटुंबे त्या वाटेने गेली.

त्या वेळी दहा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीच्या घरात आहे. अशी आजी ज्या घरी आहे, तेथे इतिहासाचा एक ग्रंथच आहे; आणि त्याची दुसरी प्रत नाही!

ही प्रत करून घेण्याचे साधन आज प्रत्येकाच्या खिशात आहे. अमेरिकेत 1994 साली स्थापन झालेल्या शोआ फाउंडेशनने नाझींच्या छळातून वाचलेल्यांच्या व साक्षीदारांच्या 50,000 हून अधिक मुलाखती चित्रित केल्या. पिंखास गुटर ह्या वृद्ध गृहस्थांची पडद्यावरील प्रतिमा तर विद्यार्थ्यांच्या प्रश्नांस त्यांच्याच पूर्वी नोंदलेल्या शब्दांत उत्तरे देते.

पण यंत्रास सत्यासत्याचा विवेक नसतो. 2021 साली कंबोडियातील तुओल स्लेंग बंदिशाळेत बळी गेलेल्यांच्या छायाचित्रांत रंग भरताना एकाने काहींच्या ओठांवर चक्क हसू चढविले. मृतांची ही विटंबनाच नव्हे काय?

सत्य अर्धेच सांगणे हीही एक विटंबनाच होय. रझाकारांविरुद्ध निर्भयपणे लिहिणारे संपादक शोएबउल्ला खान ह्यांचा ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत खून झाला. ते मुसलमान होते. पोलिस कारवाईच्या काळात व तदनंतर 27,000 ते 40,000 लोक प्राणास मुकले, असा अंदाज सुंदरलाल समितीने केला. नांदेड, उस्मानाबाद, बीदर व गुलबर्गा हे जिल्हे सर्वाधिक होरपळले, आणि मरणारे बहुसंख्य मुसलमान होते. तो अहवाल सर्वांस वाचावयास मिळाला 2013 साली! आपल्या घरावरील आघात सांगणाऱ्याने शेजारच्या घरावरील आघातही ऐकून घेतला पाहिजे.

म्हणून वाचकांस आमची विनंती इतकीच. येत्या सुट्टीत नातवंडांनी आजीजवळ बसावे. प्रथम तिची संमती घ्यावी. नाव, गाव व साल विचारावे. मग मध्ये न बोलता ऐकावे. डोळ्यांनी पाहिलेले कोणते आणि कानांनी ऐकलेले कोणते, हे तिच्याकडूनच वेगळे करून घ्यावे. ती थांबली, तर आपणही थांबावे. ध्वनिमुद्रणास कात्री लावू नये. प्रती दोन ठिकाणी ठेवाव्या, आणि तिला विचारल्यावाचून कोणास धाडू नयेत.

यंत्र आणखी सुधारेल, नवे येईल. आजी मात्र वाट पाहत थांबणार नाही.