नंगा पर्बतावरील शोध

पालघरच्या काळदुर्गावर सोबती मागे राहिला, तर हाक मारताच बहुधा ओ मिळते. हिमशिखरांवर हाक पोचत नाही. इ. स. १८९५ च्या ऑगस्टमध्ये काश्मीरातील ८,१२६ मीटर उंचीच्या नंगा पर्बतावरून ममरी हा इंग्रज गिर्यारोहक आणि रघुवीर थापा व गोमन सिंग हे गुरखा शिपाई एक उंच हिमखिंड ओलांडून राखिओट खोऱ्यात उतरण्यास निघाले. कॉली व हेस्टिंग्ज हे सोबती खालच्या वाटेने वळसा घालून तेथे गेले. पण ते तिघे येईनात! सोबत्यांनी दियामीर खोऱ्यात परतून शोध केला. मात्र कड्यांवरून हिमाचे लोट सारखे कोसळत होते. तिघांचा माग लागला नाही. ममरीविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्या दोन शूर गुरख्यांविषयी मात्र फारच थोडे. पुढे १९५३ मध्ये हेर्मान बूल हा गिर्यारोहक त्या शिखरावर पोचला.