संप, पण स्वतःच्याच पोटावर

भिवंडी तालुक्यातल्या कितीतरी सातबाऱ्यांवर ‘इतर हक्क’ या रकान्यात एक ओळ असते: ‘कूळ कायदा कलम 43 ला पात्र’. कसणाऱ्या कुळाला ही जमीन कायद्याने मिळाली, असा तिचा अर्थ. बँकेत शेतीकर्जाचे अर्ज तपासताना ती दिसली की आमच्या कपाळाला आठ्या पडत. कर्ज थकले तर परवानगीशिवाय ही जमीन विकायची कशी? गोदामासाठी जमीन द्यायला निघालेला शेतकरीही या ओळीवर वैतागतो. ती कुणी कशी कमावली, हे मात्र घरातल्या म्हाताऱ्यांनाही फारसे ठाऊक नसते.

तिचे एक मूळ आहे अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात. 27 ऑक्टोबर 1933 रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीसह 25 गावांच्या कुळांनी ठरवले, खोतांची जमीन कसायची नाही. जगभर मंदी होती, भाताचे भाव कोसळले होते. खोताचा खंड धान्यात द्यायचा, सावकाराचे देणे रुपयांत. एक पोते विकून फिटणाऱ्या कर्जाला आता दोन पोती लागत. वर वेठबिगार होतीच.

त्याच महिन्यात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात कापूस वेचणाऱ्या सुमारे 18 हजार मजुरांचा संप चालू होता. शेतमजूर आणि फळे डबाबंद करणाऱ्या कारखान्यांतले कामगार यांची ती संघटना. शंभर पौंडांना एक डॉलर मागितला, मालक 60 सेंट देत होते, 75 वर तडजोड झाली. जेमतेम महिनाभरात संप मिटला, कारण बोंडे शेतात वाया जाण्याची धास्ती मालकाला होती.

चरीत उलटे होते. खोताची कोठारे भरलेली आणि जमीन ओस टाकली तर आधी उपाशी राहणार तो कूळ. गिरणीतला संपकरी निदान गावी परत जाऊ शकतो. गावच संपावर असेल तर जायचे कुठे? माणसांनी रानातली लाकडे विकली, खाडीतली मासळी-खेकडे पकडले, मिळेल ती मजुरी केली. हे एक-दोन हंगाम नव्हे, सहा वर्षे चालले. एवढी वर्षे मुलांच्या ताटात काय वाढले असेल, याचा हिशोब कुठल्याच खतावणीत सापडत नाही.

डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. 1937 मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, जानेवारी 1938 मध्ये शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत नेला. 1939 मध्ये संप मिटला, त्याच वर्षी कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. मग 1948 चा कूळ कायदा, आणि 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन. सातबाऱ्यावरची ती ओळ तिथून आली.

ज्याच्या नावावर कुळाचीही नोंद नव्हती, त्या शेतमजुराच्या हाती यातून फारसे काही लागले नाही. आपल्याच तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, उंबरगाव-डहाणूकडच्या वारल्यांना वेठ नाकारण्यासाठी आणि गवतकापणीच्या मजुरीसाठी 1945 मध्ये गोदावरी परुळेकर आणि किसान सभेबरोबर उभे राहावे लागले. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यात जेठ्या गांगड आणि आणखी काहीजण मेले.