खांदा आखडलाय? शस्त्रक्रियेविनाही बरा होतो
फळीवरचा डबा काढताना किंवा वेणी घालताना खांद्यातून कळ येते, हात वर जातच नाही? चाळिशी ते साठीत, विशेषतः स्त्रियांत आणि मधुमेहींत आढळणारा हा 'फ्रोझन शोल्डर' असू शकतो. यात सांध्याभोवतीचे आवरण सुजून जाड व घट्ट होते. दुखतो म्हणून हात हलवलाच नाही, तर खांदा अधिकच आखडतो.

डॉक्टरांकडून निदान करून घ्या, रक्तातील साखरही तपासा. वेदनाशामक गोळ्या, शेक, गरज पडल्यास सांध्यात इंजेक्शन आणि नियमित व्यायाम यांनी बहुतेकांची शस्त्रक्रिया टळते. पुढे वाकून चांगल्या हाताने टेबलाचा आधार घ्या. दुखरा हात सैल सोडून लंबकासारखा हलकेच झुलवा. धीर मात्र हवा. पूर्ण बरे व्हायला १ ते ३ वर्षे लागू शकतात.