फळीवरची सावली

ओझरला १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. विमानाच्या इंजिनात एखादा पाना विसरला तर काय होईल, हे सांगायला नकोच. म्हणून विमानांच्या कामात जगभर ‘सावली-फळी’ वापरतात. प्रत्येक हत्याराची बाह्याकृती फळीवर रंगवलेली असते. हत्यार जागेवर नसेल, तर रिकामी आकृती चटकन डोळ्यांत भरते.

घरच्या सुतारकामाला हे जसेच्या तसे जमत नाही. आज एक रंधा, दिवाळीनंतर दोन. दर वेळी फळी कुठे रंगवत बसणार? खोक्यात टाकावे, तर पटाश्यांच्या धारा एकमेकींवर आपटून बोथट होतात आणि चाचपडताना बोट कापते ते वेगळेच.

एक जाड पट्टी घ्या. ती लांबीत ४५ अंशांच्या तिरप्या छेदाने चिरून दोन करा. एक भाग भिंतीवर आडवा, स्क्रूने पक्का बसवा. तिरपी कड वर, उतार भिंतीकडे. दुसरा भाग, उलटा, हत्यारे टांगायच्या छोट्या फळीच्या मागे वरच्या बाजूला लावा आणि फळी अडकवा. वजनामुळे ती उतारावरून खाली घसरू पाहते, म्हणजेच भिंतीकडे ओढली जाते. (वर्गात उतरणीचा धडा शिकवताना हे जरूर दाखवावे.) फळीमागे खाली तेवढ्याच जाडीची पट्टी हवी, नाहीतर फळी तिरकी राहते.

जागा बदलायची? फळी वर उचला, सरकवा. हत्याराची आकृती या छोट्या फळीवरच रंगवली, की फळीबरोबर सावलीही हलते.