साडी उलटी धरून पाहा

साडी घेताना आपण पदर पाहतो, काठ पाहतो, मग भावावरून घासाघीस करतो. सुरतच्या रिंगरोडवरच्या मार्केटातून आलेली साडी मात्र आधी उलटी करून पाहावी. टाका कुठला, कुणी घातला आणि किती टिकेल, हे तिथे कळतं.

सुलटीकडे रंगीबेरंगी फुलं आणि उलटीकडे सगळीकडे पांढऱ्या दोऱ्याचं जाळं दिसलं, तर भरतकाम बहुधा कॉम्प्युटर मशीनचं. वरचा रंगीत दोरा सुईतून येतो, खालचा बॉबिनमधून. सुई खाली जाऊन जराशी वर उठते, तेवढ्यात तिच्या दोऱ्याचा फास सुटतो. शटलचं टोक तो पकडून बॉबिनभोवती फिरवतं आणि दोन्ही दोरे एकमेकांत अडकतात. घरच्या शिलाई मशीनची टीपही अशीच बसते. नेहमीच्या शिवणीत ही अडकण कापडाच्या जाडीत लपायला हवी. वरचा ताण जास्त झाला तर खालच्या दोऱ्याचे ठिपके वर येतात. भरतकामात मात्र मुद्दामच वरचा दोरा थोडा खाली ओढू देतात, म्हणजे पांढरा दोरा सुलटीकडे डोकावत नाही.

मशीन एका फुलावरून दुसऱ्यावर जाताना दोरा तसाच ओढत नेतं. हे लोंबणारे दोरे कापणं, म्हणजे धागा कटिंग, आणि काठाला लेस-पट्टी लावणं ही सुरतमधली घरबसल्या नगावर होणारी कामं. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत ती करणाऱ्या कितीतरी बायका खानदेशातल्या. उधन्याहून नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे जाणाऱ्या तापी व्हॅलीच्या रेल्वेमार्गाने ही माणसं कापडधंद्यात आली आणि इथलीच झाली. घरात अहिराणी, मालाच्या हिशेबाला गुजराती.

गावाकडून येताना त्यांच्याबरोबर गोधडीही आली. गोधडीचा टाका म्हणजे साधा धावदोरा: सुईवर तीन-चार घड्या घ्यायच्या आणि दोरा ओढायचा. सुती लुगड्याला तो पुरतो, कारण सूत सुताला धरून ठेवतं. लुगडं मधे विरलं की तेवढा भाग कापून बाकीचे तुकडे जोडायचे, त्याला दांड घालणं म्हणत. तिथे ओढ बसते, म्हणून धावदोऱ्यावर भागत नाही; सुई एक पाऊल मागे घेऊन पुढे काढायची उलटी टीप हवी. हात-शिलाईतला सगळ्यांत भक्कम टाका हाच. कापड नुसतं धरून ठेवायचं असेल तर लांब कच्चा दोरा, जो नंतर उसवायचाच असतो. दुमड दिसू द्यायची नसेल तर हेम. कापलेली कड सुटू द्यायची नसेल तर काजाचा टाका, ज्यात प्रत्येक वेढ्याला कडेवर गाठ बसते.

सुरतचा आजचा मुख्य माल कृत्रिम धाग्याचा. पॉलिएस्टर जॉर्जेट गुळगुळीत. दोरा त्याला धरत नाही, सरकतो. कड कापली की धागे सुटू लागतात. म्हणून पदराला नागमोडी टाक्याची पिको हवी, ब्लाउजच्या आतल्या कडांना इंटरलॉक. इंटरलॉकचं मशीन कड छाटत जातं आणि त्याच वेळी तीन-चार दोऱ्यांनी ती गुंडाळत जातं. जुन्या सुरती साड्यांच्या गोधड्याही आता शिवतात. हलक्या असतात, लवकर वाळतात, पण घाम टिपत नाहीत. मला त्या गोधड्या वाटत नाहीत, पण हे झालं माझं मत.

खाटलीच्या कामाची उलटी बाजू वेगळी. लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडात कारागीर वरून आरी, म्हणजे बारीक आकड्याची सुई, खुपसतो. दुसरा हात खालून दोरा पुरवतो. वर साखळी उमटते, खाली नुसती सलग रेघ. जर मात्र कापडातून ओढत नाहीत, कारण तिच्यावरचा तारेचा वेढा सोलून निघेल. ती वर मांडून बारीक दोऱ्याने टाचतात.

हीच गुजराती साखळी सतराव्या-अठराव्या शतकात युरोपात गेली. इंग्लंडच्या अ‍ॅशबर्नहॅम घराण्याकडचे असे पडदे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. युरोपातलं तंबूर भरतकाम आपल्या आरीवरूनच आलं, असं मानतात. फ्रान्समधल्या बार्थेलेमी तिमोनिए या शिंप्याने 1830 मध्ये शिलाई मशीनचं पेटंट घेतलं, तेव्हा त्यातही आकड्याचीच सुई होती आणि टाकाही साखळीचाच. पोटावर पाय येणार म्हणून पॅरिसच्या शिंप्यांनी 1831 मध्ये त्याची मशीनं मोडून टाकली. दोन दोऱ्यांच्या पक्क्या टिपेचं एलियास होवचं पेटंट अमेरिकेत 1846 चं.

साखळीत खोट एकच: शेवटचा फास सुटला की मागचे सगळे सुटत येतात. धान्याच्या पोत्याला तीच सोय म्हणून वापरतात. योग्य टोक सापडलं की सर्रकन तोंड उघडतं. साडीवर टिकल्या-मण्यांची ओळ साखळीवर असेल, तर दोरा जिथे संपतो तिथे गाठ आहे का, ते उलटीकडे बघून घ्यावं. लेस-पट्टी दोन बोटांत धरून हलकेच ओढावी. शिवण चुण्या धरत असेल, तर दोऱ्याचा ताण चुकलाय किंवा सुई जाड वापरलीय. इस्त्रीने त्या चुण्या जात नाहीत, दुकानदार काहीही म्हणो.

राहिला फॉल. सुती फॉल धुतल्यावर आटतो, पॉलिएस्टर साडी आटत नाही. मग निऱ्यांचा घेर आखडतो. म्हणून फॉल आधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच शिवायला द्यावा. खालच्या कडेला मशीनची टीप चालते, वरची कड मात्र हातानेच हेम करून घ्यावी, दर टाक्याला साडीचे एक-दोनच धागे उचलून. त्याचे दहा-वीस रुपये जास्त मागितले तर द्यावेत.